मुशीची नाळ

मुंबईपासून मालवणपर्यंतच्या मासळी बाजारांत मिळणारी मुशी म्हणजे हातभर लांबीचा शार्क. उलटी करून पाहिली तर नराच्या पोटाखालच्या परांपाशी बोटांसारखे दोन अवयव दिसतात. त्यांच्या मदतीने तो शुक्राणू थेट मादीच्या शरीरात सोडतो. मादी अंडी घालत नाही, पिल्लांना जन्म देते. पोटातलं पिल्लू नाळेने आईशी जोडलेलं असतं आणि नाळेच्या टोकाला चक्क वार (गर्भाला आईकडून पोषण पोचवणारा अवयव, प्लॅसेंटा) असते.

नाळ आणि वार ही सस्तन प्राण्यांची खासियत, असं आपण शाळेपासून धरून चालतो. पण पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या गोगो भागातल्या खडकांनी वेगळाच पुरावा दिला. तिथे सापडलेल्या, अंगावर हाडांचं चिलखत असलेल्या एका माशाच्या पोटात पिल्लू होतं आणि त्याची नाळही दगडात टिकून राहिली होती. जीवाश्मतज्ज्ञ जॉन लाँग आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. वय सुमारे ३८ कोटी वर्षं! डायनोसॉर यायलासुद्धा तेव्हा जवळपास १४ कोटी वर्षं बाकी होती.

मला सर्वांत विलक्षण वाटतं ते हे, की निसर्गाने ही वाट एकदाच नव्हे, अनेकदा काढली. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या गोड्या पाण्यात पोएसिलिऑप्सिस नावाचे चिमुकले मासे राहतात, डास आटोक्यात ठेवण्यासाठी आपल्याकडे सोडतात त्या गप्पींचे नातेवाईक. जीवशास्त्रज्ञ डेव्हिड रेझनिक यांच्या गटाने २००२ मध्ये दाखवून दिलं, की या एकाच प्रजातीसमूहात वार तीन वेळा स्वतंत्रपणे विकसित झाली. त्यातल्या एका शाखेला त्यासाठी साडेसात लाख वर्षंही लागली नसावीत. डोळ्यासारखा गुंतागुंतीचा अवयव टप्प्याटप्प्याने कसा घडला, हे शोधताना मधले टप्पे बहुधा हरवलेले असतात. इथे मात्र वार नसलेले, अर्धवट असलेले आणि पूर्ण विकसित असलेले जवळचे भाऊबंद आजही जिवंत आहेत.

आता पुन्हा मुशीकडे. वार असलेल्या बहुतेक शार्कांची पिल्लं आधी अंड्यातल्या बलकावर वाढतात. बलक संपला की त्याच रिकाम्या पिशवीची वार होते. मुशीचं अंडं जेमतेम एक मिलिमीटरचं, बलक जवळपास नाहीच. त्यामुळे गर्भाला अगदी सुरुवातीपासून आईवर विसंबावं लागतं. नाळेवर बारीक धाग्यांसारखी झालर असते, ती गर्भाशयातला पोषक द्रव शोषून घेते. पाचसहा महिन्यांनी वीतभरापेक्षाही लहान, पण जन्मतःच पोहणारी पिल्लं बाहेर येतात.

या मातृत्वाची किंमत संख्येत मोजावी लागते. रोहूची मादी एका मोसमात लाखो अंडी घालते, मुशीला एका वेळी पिल्लं होतात ती डझनभर, फार तर थोडी जास्त. म्हणून जाळ्यात आलेल्या गाभण मुशीची तूट भरून निघायला रोहूपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो.