स्पंज फिल्टर की पॉवर फिल्टर? आधी नितळ पाणी आणि निर्धोक पाणी यांतला फरक

“पाणी अगदी नितळ आहे, फिल्टर चोवीस तास चालू असतो, तरी आठवड्याभरात मासे गेले.” नवी टाकी घेतलेल्यांची ही तक्रार सारखी ऐकू येते, आणि त्यावर मिळणारा सल्लाही ठरलेला असतो: “आणखी जोराचा फिल्टर लावा.” हा सल्ला चुकीचा आहे आणि त्यापायी मासे मरतात, म्हणून एकदा नीट लिहितो.

पॉवर फिल्टर बहुतेकांच्या ओळखीचा आहे. दुकानदार टाकीबरोबर देतो तो, काचेला आतून चिकटवायचा काळा डबा: वर मोटर, खाली स्पंज. काठावर लटकणारा हँग-ऑन आणि टाकीखाली ठेवायचा कॅनिस्टर हेही मोटरवरच चालतात, फक्त त्यांत स्पंजासारखा गाळायचा माल जास्त मावतो.

स्पंज फिल्टरला स्वतःची मोटर नसते. हवेच्या पंपाची नळी त्याला जोडायची. बुडबुडे उभ्या नळीतून वर जाताना पाणी सोबत नेतात, आणि तेवढंच पाणी बाहेरून स्पंजातून आत ओढलं जातं. तो स्वस्त असतो, टाकीत डोळ्यांत खुपतो, आणि पंपाची घरघर होते. किंमत, दिसणं, आवाज यांवर लोक तासन्‌तास वाद घालतात. निवड त्यावर ठरत नाही.

फिल्टर दोन वेगवेगळी कामं करतो. पहिलं गाळण्याचं: विष्ठा, उरलेलं खाद्य, कुजकी पानं अडवायची. हे डोळ्यांना दिसतं म्हणून लोक यालाच फिल्टर समजतात. पण अडवलेला गाळ टाकीबाहेर गेलेला नसतो. त्याच्यातूनच पाणी फिरत राहतं, तो तिथेच कुजतो आणि अमोनिया सोडतो. तुम्ही स्पंज काढून धुतलात तरच तो बाहेर जातो.

दुसरं काम दिसत नाही, आणि मासे जगतात ते त्याच्या जोरावर. मासे अमोनिया टाकतात तो मुख्यतः कल्ल्यांतून, पाण्यात विरघळलेला. तो कुठल्याही स्पंजात अडकत नाही. त्याचा बंदोबस्त जिवाणू करतात: काही अमोनियाचं नायट्राइट करतात, काही नायट्राइटचं नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट ही दोन्ही विषं, टाकीत त्यांचं प्रमाण शून्यच हवं. नायट्रेट बरंच सौम्य, नियमित पाणी बदलून ४० पीपीएमच्या (लिटरमागे ४० मिलिग्रॅम) खाली ठेवलं की भागतं. हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत, पृष्ठभागाला चिकटून राहतात. त्यांना सतत प्राणवायू लागतो आणि ते फार सावकाश वाढतात. नव्या टाकीत त्यांचं बस्तान बसायला साधारण ४ ते ६ आठवडे जातात. तोवर पाणी कितीही नितळ दिसलं तरी ते विषारी असू शकतं. उलट, टाकीतल्या लाकडाचा रंग उतरून चहासारखं झालेलं पाणी माशांना पूर्ण मानवतं.

बोअरवेलचं पाणी वापरणाऱ्यांनी आणखी जपावं. जड पाण्याचा पीएच (पाणी किती आम्ल की अल्कली ते सांगणारा आकडा) बहुधा जास्त असतो, आणि पीएच ७ वरून ८ वर गेला की एकूण अमोनियातला विषारी भाग जवळपास दहापट होतो.

आता खोक्यावरचा “ताशी ६०० लिटर” हा आकडा पाहा. पाणी किती वेगाने फिरतं एवढंच तो सांगतो. जिवाणूंना राहायला जागा किती, याबद्दल त्यात काहीच नसतं. स्वस्त पॉवर फिल्टरमधला स्पंज अगदी लहान असतो. ओढ जोराची असल्यामुळे तो आठवड्याभरात तुंबतो. मग तो नळाखाली धरून, पांढरा होईपर्यंत चोळून धुतला जातो. काही घरांत तर साबण लावून. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आणि ते चोळणं मिळून जिवाणूंची वसाहत साफ होते. दोन-तीन दिवसांनी मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागतात, आणि घरात निदान होतं: “पाणी मानवलं नाही.”

स्पंज टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात दोन-तीनदा पिळा. पाण्याचा प्रवाह मोकळा झाला की पुरे. तो तपकिरी राहिला तर राहू द्या. “दर महिन्याला कार्ट्रिज (फिल्टरमधला गाळणीचा बदलता भाग) बदला” ही सूचना मला मुळीच मान्य नाही, कारण कार्ट्रिजबरोबर जिवाणूही कचऱ्यात जातात. कार्बनची पुडी औषध आणि रंग शोषते. अमोनियाला तिचा उपयोग नाही. फिल्टर रात्री बंद करणंही सोडा. ५ वॅटचा पंप महिनाभर अखंड चालला तरी ३.६ युनिटच जळतात, आणि बंद डब्यातले जिवाणू काही तासांत प्राणवायूविना मरू लागतात.

हे ध्यानात घेतलं की निवड सोपी होते. दोन फुटी टाकी, म्हणजे २ बाय १ बाय १ फूट, काठोकाठ ५६ लिटर. त्यात गप्पी, मॉली, टेट्रा, फायटर किंवा झिंगे असतील तर मी स्पंज फिल्टरच सांगतो. जिवाणूंना जागा भरपूर मिळते, पिल्लं ओढली जात नाहीत, फायटरचे पंख प्रवाहात फरफटत नाहीत. वीज गेली की त्याच नळीला बॅटरीचा पंप लावता येतो. पंप मात्र पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा किंवा नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा, नाहीतर वीज जाताच पाणी नळीतून उलटं पंपात शिरतं.

गोल्डफिश, ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न यांची गोष्ट वेगळी. त्यांची घाण इतकी असते की एकटा स्पंज गुदमरतो. तिथे गाळण्यासाठी मोठा हँग-ऑन किंवा कॅनिस्टर हवाच, आणि जोडीला स्पंज फिल्टर ठेवा. एका आठवड्याला एक धुवा, दुसऱ्या आठवड्याला दुसरा. दोन्ही एकाच दिवशी कधीच नको.

पुढेमागे दुसरी टाकी घ्यायची असेल, तर एक जादा स्पंज फिल्टर आजच चालू टाकीत सोडून ठेवा. महिना-दीड महिन्याने तोच नव्या टाकीत न्या, विरजणासारखा. नेताना ओला ठेवा आणि पोचल्याबरोबर पंप सुरू करा. नव्या टाकीतलं नळाचं पाणी अँटी-क्लोरीन घालूनच भरा, आणि सुरुवातीला मासे थोडेच सोडा.