इलेक्ट्रोलिसिस करणाऱ्या हातांना काय यायला हवं?

हनुवटीवर दोन-चार राठ केस उगवले की आधी थ्रेडिंग होतं, मग घरीच चिमटा हाती येतो, आणि पुढे कधीतरी लेझरची चौकशी सुरू होते. लेझरचा प्रकाश केसातलं काळं रंगद्रव्य शोषून घेतं, त्यामुळे पांढऱ्या केसांवर किंवा फिकट लवेवर त्याचा फारसा उपयोग होत नाही. तिथे इलेक्ट्रोलिसिस, म्हणजे केसाच्या मुळाशी बारीक सुई घालून विजेच्या प्रवाहाने ते मूळ नष्ट करणं, कामी येतं, कारण त्याला केसाच्या रंगाशी देणंघेणं नसतं. अमेरिकेतली एफडीए, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणारी सरकारी संस्था, ‘केस कायमचे काढणं’ हे शब्द याच पद्धतीसाठी मान्य करते. लेझरला ‘कायमची घट’ इतकंच म्हणता येतं. मात्र ही पद्धत पूर्णपणे करणाऱ्याच्या हातावर उभी आहे, म्हणून यंत्र कोणतं आहे यापेक्षा शिक्षण कुठे आणि किती झालंय, हे आधी विचारावं.

या पद्धतीची सुरुवात डोळ्यांच्या दवाखान्यात झाली. अमेरिकेतल्या सेंट लुईसचे नेत्रतज्ज्ञ चार्ल्स मिशेल यांनी १८७५ मध्ये आत वळून बुबुळाला टोचणाऱ्या पापण्यांच्या केसांवर हा उपाय केल्याचं प्रसिद्ध केलं. केसाच्या मुळाशी बारीक सुई घालून तिच्यातून सौम्य एकदिश प्रवाह सोडला की तिथल्या मीठ-पाण्यापासून सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे कॉस्टिक सोडा, तयार होतो आणि केस वाढवणाऱ्या पेशी नष्ट करतो. सुई ऋण टोकालाच जोडलेली असावी लागते. चुकून उलटी जोडली तर क्षाराऐवजी आम्ल तयार होतं आणि त्वचेवर डाग पडू शकतो.

दुसरी पद्धत उष्णतेची, थर्मोलिसिस. तिच्यात बहुधा १३.५६ मेगाहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला सुमारे १ कोटी ३६ लाख आवर्तनं करणारा प्रवाह वापरतात. त्याने मुळाभोवतालचा ओलावा तापतो. दोन्हींचा मिलाफ म्हणजे ब्लेंड. जाड, वाकड्या मुळाला काय लावायचं आणि बारीक लवेला काय, हा निर्णय शिकलेली व्यक्ती केस पाहून घेते. एकच सेटिंग सगळ्या चेहऱ्यावर फिरवणं हे अर्धवट शिक्षणाचं लक्षण आहे.

खरं कसब सुई घालण्यात आहे. सुई त्वचेत टोचायची नसते. केस ज्या छिद्रातून बाहेर येतो, त्यातूनच त्याच्या कलाने आत सरकवायची असते. छिद्राचा कोन वरच्या ओठावर वेगळा, गळ्यावर वेगळा. खोली डोळ्यांना दिसत नाही, ती बोटांना कळावी लागते. थर्मोलिसिसमध्ये उष्णता सुईच्या टोकापासून सुरू होऊन वर पसरते. सुई उथळ राहिली तर मूळ वाचतं आणि वरची त्वचा भाजते; फार खोल गेली तर भलत्याच ऊतींना इजा होते. म्हणून भिंग, भरपूर उजेड आणि स्थिर मनगट लागतं. काम नीट झालं की चिमट्याने धरलेला केस अलगद सरकून बाहेर येतो. उपटल्याची कळ आली, तर तो केस नुसता उपटलाच गेलाय.

हे हातात बसायला वेळ लागतो. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात इलेक्ट्रॉलॉजिस्टच्या, म्हणजे इलेक्ट्रोलिसिस करणाऱ्या व्यक्तीच्या, परवान्यासाठी ६०० तासांचं प्रशिक्षण आणि परीक्षा लागते. अमेरिकेत सगळ्याच राज्यांत असा परवाना नाही, त्यामुळे तिथेही चौकशी चुकत नाही. अशा शिक्षणात त्वचेची आणि केसाची रचना, विजेची मूलतत्त्वं, जंतुसंसर्ग टाळणं आणि प्रत्यक्ष सराव हे सगळं यायला हवं. आपल्याकडे पार्लरच्या भिंतीवर प्रमाणपत्र दिसलं, तरी प्रत्यक्ष सुई हातात धरून किती तास काम केलं हे विचारायला संकोच करू नये. सुई दर वेळी आपल्यासमोर सीलबंद पाकिटातून निघाली पाहिजे आणि काम झाल्यावर थेट सुयांच्या डब्यात गेली पाहिजे. चिमटे ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातून, आलेले हवेत. नुसत्या स्पिरिटच्या बोळ्याने पुसलेला चिमटा चालत नाही.

आपल्या सावळ्या, गव्हाळ त्वचेबद्दल एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्वचेला थोडीही इजा झाली की काळपट डाग मागे राहतात आणि महिनोन्‌महिने जात नाहीत. जाणकार व्यक्ती म्हणून आधी कानाजवळच्या छोट्या भागावर करून बघते, शेजारशेजारचे केस एकाच बैठकीत सलग काढत नाही आणि उन्हापासून जपायला सांगते. जखमेचा व्रण फुगून वाढतो का, हेही ती विचारते.

सुई हातात घेण्याआधी ती बराच वेळ बोलते. पेसमेकर आहे का? कोणती औषधं चालू आहेत? पाळी नियमित येते का? कारण एकाएकी वाढलेल्या केसांमागे पीसीओएस किंवा हार्मोन्सचा दुसरा बिघाड असू शकतो. तो तसाच राहिला तर एका बाजूने केस काढायचे आणि दुसऱ्या बाजूने नवे उगवत राहायचे. अशा वेळी ती आधी डॉक्टरांकडे जायला सांगते. तिळावरच्या केसालाही ती डॉक्टरांनी तीळ पाहिल्याशिवाय हात लावत नाही.

आणि बैठका किती, याचं सरळ उत्तर ती देते. सगळे केस एकाच वेळी वाढत नसतात. काही मुळं महिनोन्‌महिने विश्रांती घेत असतात आणि तेव्हा तिथे सुई घालायला केसच नसतो. त्यामुळे हनुवटीसारख्या लहान भागालाही अनेकदा वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ लागतो, बैठकांमधलं अंतर मात्र हळूहळू वाढत जातं. ‘तीन बैठकांत सगळं साफ’ असं कुणी सांगितलं, तर त्यांना केसाचं हे चक्र समजावून सांगायला सांगा.