काजूचा कारखाना बँकेकडे, साका ओळखणारं यंत्र फंडाकडे

व्हेंचर कॅपिटल म्हणजे बिनव्याजी कर्ज, असं समजून चालणारी बरीच मुलं रत्नागिरी-सिंधुदुर्गात भेटतात. हप्ता नाही, तारण नाही, मग बँकेची पायरी चढायची कशाला? पण बँक पैसे उसने देते आणि व्हेंचर कॅपिटल देणारा फंड कंपनीचा हिस्सा विकत घेतो. सही करण्याआधी हे कळलेलं बरं.

वेंगुर्ल्यात काजू फोडायचा कारखाना घातला, तर वर्षभराची बी मार्च ते मेमध्येच घेऊन, वाळवून गोदामात भरावी लागते. गर मात्र वर्षभर थोडा थोडा विकला जातो. मधला काळ निभवायला कॅश क्रेडिट असतं, म्हणजे मालाच्या तारणावर लागेल तसं उचलायचं आणि भरायचं कर्ज. गोदामात 40 लाखांची बी आणि मार्जिन, म्हणजे आपल्या खिशातला वाटा, 25 टक्के असेल, तर 30 लाखांपर्यंत उचल मिळते. व्याज उचललेल्या रकमेवरच. उधारीवर घेतलेली बी मात्र हिशेबातून वजा होते. यंत्रांसाठी मुदत कर्ज वेगळं. ते मंजूर व्हायला वेळ लागतो म्हणून कॅश क्रेडिटमधूनच बॉयलर घेणं ही नेहमीची चूक. पैसा लोखंडात अडकतो, पुढच्या मार्चला बी घ्यायला हातात काही उरत नाही, आणि 90 दिवस खात्यात व्याजापुरतेही पैसे जमा झाले नाहीत, की खातं एनपीए, म्हणजे थकलेलं, ठरतं.

आणखी एक अडचण खास आपल्याकडची. सातबाऱ्यावर वीस नावं, त्यातली निम्मी माणसं मुंबईत. सगळ्यांच्या सह्या झाल्याशिवाय जमीन तारण जात नाही. अशा वेळी सीजीटीएमएसईच्या, म्हणजे छोट्या उद्योगांच्या कर्जाला हमी देणाऱ्या सरकारी ट्रस्टच्या, हमीवर तारणाशिवाय कर्ज मागता येतं. पण ती हमी बँकेला असते. कर्जदाराचं देणं त्याने सुटत नाही.

असा कारखाना नेटाने चालला, दरवर्षी थोडा वाढला, की बँक खूश. तिला मुद्दल आणि व्याज हवं. फंडाचं तेवढ्यावर भागत नाही. त्याने पैसे घातलेल्या कंपन्यांपैकी बऱ्याच बुडतात, आणि एखाद-दुसरी कित्येक पटींनी वाढून सगळ्यांची भरपाई करते. शिवाय तो पैसा दुसऱ्यांचा. फंडाची मुदत साधारण आठ-दहा वर्षं, त्याआत हिस्सा विकून त्यांना परत द्यायचा असतो. म्हणून काजूचा कारखाना कितीही चांगला असला, तरी फंडाच्या दारात त्याचं काम नाही.

आता हापूसमधला साका घ्या. बाहेरून फळ सोन्यासारखं, कापल्यावर आत पांढुरका, आंबट गर. न कापता साका ओळखणारं यंत्र कुणी बनवायला घेतलं, तर सुरुवातीची काही वर्षं विक्री शून्य, तारण ठेवायला काही नाही. पण जमलं तर आंबे निवडून पेट्या भरणाऱ्या प्रत्येक पॅकहाउसला ते हवं असेल. बँकेचा हप्ता इथे कुठून भरणार? इथेच व्हेंचर कॅपिटल खरं कामाचं. पैशासोबत संचालक मंडळावर अनुभवी माणूस येतो, चांगले इंजिनिअर मिळवून देतो, पुढच्या फेरीचे गुंतवणूकदार गाठून देतो. त्यासाठी आधी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी हवी. प्रोप्रायटरशिपला, म्हणजे एकट्याच्या नावावरच्या धंद्याला, शेअर देताच येत नाहीत.

18 महिने पुरेल इतका पैसा उचला, असा सल्ला सर्रास मिळतो. आंब्याच्या धंद्यात तो जसाच्या तसा घेऊ नये. पैसे जूनमध्ये आले, तर पुढच्या डिसेंबरपर्यंत प्रयोगाला एकच हंगाम मिळतो. जानेवारीत आले तर दोन. मोहोर करपला तर तोही हंगाम गेला. तेव्हा महिने मोजू नका, हंगाम मोजा.

टर्म शीटमध्ये, म्हणजे करारनाम्याआधी फंड देतो त्या अटींच्या कागदात, दोन जागी थांबून वाचावं. पहिली, किंमत. फंड 2 कोटी देतोय आणि कंपनीची किंमत 6 कोटी धरलीय. हे 6 कोटी प्री-मनी, म्हणजे पैसे येण्याआधीचे असतील, तर नंतरची किंमत 8 कोटी आणि फंडाचा हिस्सा 25 टक्के. तेच पोस्ट-मनी, म्हणजे पैसे आल्यानंतरचे असतील, तर हिस्सा 33.33 टक्के. आकडा तोच, पण एका शब्दाने आठ टक्क्यांहून जास्त कंपनी जाते.

दुसरी, लिक्विडेशन प्रेफरन्स, म्हणजे कंपनी विकली तर आधी पैसे कुणाला, हे कलम. 25 टक्केवाली कंपनी 3 कोटींना विकावी लागली, तर फंड 75 लाख नव्हे, आपले 2 कोटी आधी घेतो. उरलेला 1 कोटी बाकीच्यांचा. हे झालं साधं एकपट कलम. ‘पार्टिसिपेटिंग’ असेल तर त्या उरलेल्या कोटीतूनही आणखी 25 लाख फंडाकडे. एकपट मान्य करावं, पार्टिसिपेटिंग शक्यतो काढायला लावावं, आणि हे टर्म शीटवर सही होण्याआधीच. नंतर करारनाम्याच्या वेळी ते सहसा बदलून मिळत नाही.