किहीमचे खोपे: कोकणातल्या पक्षी-अभ्यासाची पार्श्वभूमी

दक्षिण कोकणातल्या पक्ष्यांची ‘पहिली यादी’ १८८० साली छापून आली. सनदी सेवेतले अधिकारी जी. डब्ल्यू. विडाल यांनी ती तयार केली होती आणि ॲलन ह्यूम यांच्या ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकाने तिला जवळपास शंभर पाने दिली. ह्यूम स्वतःही १८७५ मध्ये लक्षद्वीपच्या सफरीत वेंगुर्ल्यासमोरचे खडक पाहून गेले होते. त्या खडकांवर पाकोळ्या आणि सुरय घरटी करतात.

तेव्हाचा अभ्यास बंदुकीच्या जोरावर चालत असे. पक्षी टिपायचा, कातडे सोलून त्यात कापूस भरायचा, मापे घ्यायची, पायाला चिठ्ठी बांधायची आणि पेटीत ठेवायचा. ह्यूम यांनी १८८५ मध्ये ब्रिटिश म्युझियमला दिलेल्या संग्रहात असे ८० हजारांहून जास्त नमुने होते. आज हे वाचताना अंगावर काटा येतो, पण कोणता पक्षी कुठे सापडतो आणि त्याची जात कोणती हे आधी याच कामातून ठरले, हे मान्य करायला हवे. पेटीतला पक्षी आपले घर मात्र सांगत नाही. खोपा कोण विणतो, जोडी कशी जमते, पिलांना कोण भरवतो, याची उत्तरे जिवंत पक्ष्यासमोर तासन्‌तास बसल्याशिवाय मिळत नाहीत.

ही बैठक कोकणात खऱ्या अर्थाने बसली ती १९३० च्या पावसाळ्यात, अलिबाग तालुक्यातल्या किहीमला. सालिम अली नुकतेच जर्मनीहून परतले होते. बर्लिनच्या संग्रहालयात पक्षीशास्त्रज्ञ एर्विन स्ट्रेसेमान यांच्या हाताखाली ते शिकले होते आणि हेलगोलंड बेटावर पक्ष्यांच्या पायात ओळखीची कडी घालण्याची पद्धत त्यांनी पाहिली होती. इकडे आल्यावर कळले, की मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममधली त्यांची मार्गदर्शक व्याख्यात्याची जागाच पैशांअभावी रद्द झाली आहे. नोकरी नाही, म्हणून पत्नी तेहमिना यांच्यासह ते किहीमला राहायला गेले. पावसाळा लागला तशी सुगरणींची लगबग सुरू झाली आणि बेकारीतल्या या माणसाला निरीक्षणासाठी हवा तेवढा वेळ मिळाला.

सुगरणीच्या वसाहतीत पुरे खोपे असतात, तसे कितीतरी अर्धवटही लोंबत असतात. नळी नसलेले, खालून उघडे, शिरस्त्राणासारखे. हे खोपे नराने स्वतःला बसायला किंवा करमणुकीला केलेले असतात, असे जुने निरीक्षक समजत. किहीमला रोज पाहताना निराळेच चित्र दिसले. विणकाम जवळजवळ सगळे नराचे. भाताची पाती, गवत, माडाच्या किंवा शिंदीच्या झावळीच्या चिरट्या चोचीने ओढून तो खोपा अर्ध्यावर आणतो आणि मग त्याला लटकून, पंख फडफडवत, माद्यांना बोलावतो. माद्या येतात, आत शिरतात, खोपा तपासतात. एखादीला पसंत पडला, की ती तिथेच मुक्काम ठोकते आणि नर अंड्यांची खोली व नळी पुरी करतो. ती अंड्यांवर बसली, की तो शेजारी दुसरा खोपा विणायला घेतो आणि पुन्हा नव्या मादीची वाट पाहतो. जो खोपा कुणालाच आवडत नाही, तो तसाच अर्धवट राहतो. एका हंगामात एकामागून एक माद्या करण्याची ही रीत अलींनी १९३१ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात मांडली.

माझ्या मते कोकणाच्या मातीतून निघालेले पक्षी-वर्तनाचे हे सर्वांत मोलाचे काम आहे. त्यात निवड मादीच्या हाती आहे, हे स्पष्ट दिसते. मादीच्या निवडीवर डार्विनने १८७१ मध्येच लिहिले होते, पण तो विचार पुढे बराच काळ बाजूला पडला होता. इथे मात्र ती निवड प्रत्येक झाडावर उघड्या डोळ्यांनी पाहता येत होती.

हा धागा पुढे तुटला नाही. व्ही. सी. आंबेडकर हे अलींचे विद्यार्थी. दोघांच्या सुगरणीवरच्या नोंदी १९५६ आणि १९५७ मध्ये त्याच नियतकालिकात आल्या. जॉन क्रूक या इंग्रज संशोधकाचा आशियातल्या सुगरणींवरचा लेखही १९६३ मध्ये तिथेच छापला गेला. क्रूकने पुढच्याच वर्षी सुगरण-कुळातल्या अनेक जाती शेजारी ठेवून पाहिल्या. रानात किडे टिपणाऱ्या जाती बहुधा एकेकट्या जोडीने राहतात. मोकळ्या माळावर दाणे टिपणाऱ्या जाती थव्याने हिंडतात, वसाहत करतात आणि त्यांच्यात एका नराला अनेक माद्या असतात. अन्न कसे विखुरले आहे आणि घरट्याला सुरक्षित जागा किती आहेत, यावर संसाराची रीत घडत जाते, हा त्याचा निष्कर्ष. किहीमला दिसलेल्या वागण्याला असा उत्क्रांतीचा संदर्भ मिळाला.

पक्षी-अभ्यासक सुहेल क्वाडर यांनी २००० नंतरच्या दशकात सुगरणीची मादी नेमके काय पाहते, हे तपासले. विणकामाच्या कसबापेक्षा खोपा कुठे टांगला आहे, याला जास्त वजन निघाले.

कोकणासाठी ही गोष्ट थेट महत्त्वाची आहे. पाण्यावर झुकलेली बाभूळ, खाचराच्या बांधावरची शिंदी, विहिरीकडेचा माड, अशा जागी सुगरणी वसाहत करतात. रस्त्यासाठी वा बंगल्यासाठी असे झाड तोडले आणि शेजारी दुसरे उभे असले, तरी मादीच्या लेखी दोन्ही जागा सारख्या असतीलच असे नाही. म्हणून खोपे नोंदवणाऱ्याने नुसता आकडा लिहून थांबू नये. झाड कोणते, फांदी किती उंच, खाली पाणी की जमीन, पुरे खोपे किती आणि अर्धवट सोडलेले किती, हे सगळे लिहून ठेवावे. अर्धवट खोपे तर आवर्जून मोजावेत, कारण मादीने काय नाकारले याचा पुरावा त्यांच्यातच असतो.