लिंटेल पुरेसं आहे का? आधी त्याच्या वर काय आहे ते बघा

भार वाहणाऱ्या भिंतीतल्या दारावरचं लिंटेल, म्हणजे वरचं वजन पेलणारी आडवी तुळई, नुसतं जाड दिसतंय म्हणून निर्धास्त होऊ नका. पाहायचं ते त्याच्या डोक्यावर काय आहे.

वर भरपूर उंचीची सलग वीटकामाची भिंत असेल, तर ती स्वतःच कमान धरते. बहुतेक वजन दोन्ही बाजूंना उतरतं आणि लिंटेलवर येतो तो मधला समभुज त्रिकोण. दार १.२ मीटर, भिंत २३० मिमी, दोन्हीकडे १५० मिमी बेअरिंग (लिंटेलचा भिंतीवर टेकलेला भाग) धरलं, तर हिशेबाचा गाळा, म्हणजे दोन्ही बेअरिंगच्या मध्यांमधलं अंतर, १.३५ मीटर होतो. त्रिकोणाची उंची सुमारे १.१७ मीटर आणि त्यातल्या विटांचं वजन साधारण ३५० किलो.

आता तिथेच, लिंटेलच्या वर दोन-तीन थर सोडून लगेच स्लॅब टेकलाय असं समजा. कमान धरायला उंचीच उरली नाही. चार मीटर रुंद खोलीचा निम्मा स्लॅब या भिंतीवर येतो. स्लॅब, फरशी आणि वापराचं वजन मिळून चौरस मीटरला ६०० किलो धरलं, तरी या गाळ्यावर १,६०० किलोच्या वर भार झाला. दार तेच, लिंटेल तेच, भार जवळजवळ पाचपट! आणि एखाद्या तुळईचं टोक नेमकं दारावर टेकत असेल, तर अंदाज बांधूच नका; गणित स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच करून घ्या.

कमान बाजूंनाही रेटते, हे पुष्कळदा विसरलं जातं. दार भिंतीच्या टोकाला असेल किंवा शेजारी नवी खिडकी फोडली, तर तो रेटा घ्यायला भिंतच राहत नाही.

दार रुंद करताना तर फारच जपा. दर मीटरचा भार तोच ठेवून गाळा दुप्पट केला, तर वाकवणारा जोर चौपट होतो आणि झोल, म्हणजे मध्यावर खाली लवणं, सोळापट.

झोल मोजायला दोरा पुरतो. लिंटेलच्या खालच्या अंगाला दोन्ही टोकांशी सारख्या जाडीचे ठोकळे धरून दोरा ताणा. मध्यावरची फट ठोकळ्याच्या जाडीपेक्षा जेवढी कमी, तेवढा झोल. वर वीटकाम असेल तर तो गाळ्याच्या १/६०० च्या आत हवा, म्हणजे इथे जेमतेम २ मिमी. गिलाव्याचा उंचसखलपणाच एवढा असू शकतो, म्हणून तो खरवडून मोजा. सेंटरिंग (काँक्रीट ओतताना खाली दिलेला तात्पुरता आधार) खचल्यामुळे सुरुवातीपासूनच असलेला झोल वेगळा. त्याच्या जोडीला तडे नसतात.

तडे असतील तर त्यांची जागा आणि दिशा बघा. मध्यावर खालून वर जाणारी उभी चीर वाकण्याची असते. बेअरिंगजवळची तिरकी चीर जास्त घातक, कारण कातरून होणारी मोड फारशी सूचना देत नाही. टोकाखालच्या विटा चुरत असतील, तर लिंटेल ठणठणीत असूनही बेअरिंग अपुरं आहे. सळईच्या रेषेत काँक्रीट फुगून पापुद्रे सुटत असतील, तर आत गंज आहे.

तिरकी चीर दिसली की इंजिनिअर येईपर्यंत दाराखालून ये-जा बंद करा. लिंटेलखाली आडवी फळी देऊन टेकू लावा, आणि टेकूचा पाय नुसत्या फरशीवर नको, तर भार वाटून घेणाऱ्या जाड फळीवर, खाली भक्कम जमीन असेल तिथे.