शिडाच्या होडीची ट्रेलरवरून वाहतूक

शिडाची लहान होडी मोटारीमागे जोडलेल्या ट्रेलरवर चढवून रस्त्याने पाण्यापर्यंत नेण्याची पद्धत. होडी बाराही महिने धक्क्याला बांधून ठेवण्याचा खर्च वाचतो आणि तीच होडी आज तळ्यात, पुढच्या आठवड्यात समुद्रात उतरवता येते. ब्रिटनमध्ये ही पद्धत चांगलीच रुळली आहे. तिथली वेफेरर ही होडी याचे उत्तम उदाहरण. इयन प्रॉक्टर यांनी 1957 साली आखलेली ही होडी 4.82 मीटर लांब आहे. डोलकाठी आणि शिडे सोडून तिचे वजन सुमारे 169 किलो भरते. फ्रँक डाय यांनी 1963 मध्ये अशाच उघड्या वेफेररमधून स्कॉटलंडहून आइसलंड गाठले. असा समुद्र सोसणारी होडी रस्त्यावर मात्र दोन पट्टे आणि एका लोखंडी गोळ्याच्या भरवशावर असते.

सगळा गाभा वजन कुठे ठेवले यात आहे. ट्रेलरचा पुढचा दांडा मोटारीच्या टो-बॉलवर, म्हणजे मागे बसवलेल्या लोखंडी गोळ्यावर टेकतो. युरोपात या गोळ्याचा व्यास 50 मिलिमीटर असतो. दांड्याचा गोळ्यावर पडणारा भार ब्रिटनमध्ये ट्रेलरच्या एकूण वजनाच्या 5 ते 7 टक्के ठेवतात, अमेरिकेत 10 ते 15 टक्के. ट्रेलर समतल धरून दांड्याखाली घरातला वजनकाटा ठेवला तरी तो मोजता येतो. होडी मागे सरकली, किंवा नांगर, इंजिन, तंबू असे जड सामान मागच्या टोकाला भरले, की हा भार उरत नाही आणि ट्रेलर शेपटीसारखा डोलू लागतो. शेजारून मोठा ट्रक गेल्याचे निमित्तही पुरते; मग प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होत जातो. अशा वेळी अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलावा आणि स्टिअरिंग सरळ धरावे. जोरात ब्रेक मारला तर ट्रेलर मोटारीलाच फिरवतो. वेग वाढवून डोलणे थांबवता येते, हा समज घातक आहे.

ब्रिटनच्या नियमाप्रमाणे स्वतःचे ब्रेक नसलेला ट्रेलर सामानासकट 750 किलो किंवा मोटारीच्या वजनाच्या निम्मे, यांपैकी जे कमी त्यापेक्षा जड असू नये. ट्रेलर ओढणाऱ्या मोटारीला दुभाजक नसलेल्या रस्त्यावर ताशी 50 मैल आणि मोटरवेवर 60 मैल अशी मर्यादा आहे.

होडी आणि ट्रेलर एकजीव हलले पाहिजेत. पुढच्या विंचचा (हाताने फिरवायच्या गुंडाळीयंत्राचा) पट्टा होडी ओढून घेण्यासाठी असतो, एकट्या त्याच्यावर विसंबू नये. नाळ, म्हणजे होडीचे पुढचे टोक, वेगळ्या दोराने खाली बांधावी आणि मधून एक रॅचेटचा (खटक्याने आवळायचा) पट्टा आडवा टाकावा. पट्टा जिथे काठावरून जातो तिथे जाड कापडाची घडी ठेवली नाही, तर शंभर मैलांत रंग खरवडून निघतो. सपाट पट्टा वाऱ्यावर घोंघावत थरथरतो. त्याला एक पीळ दिला की तो गप्प होतो. मात्र रॅचेट अति आवळला, तर फायबरची होडी टेकूपाशी चेपते.

ट्रेलरची चाके लहान असल्याने मोटारीच्या चाकांपेक्षा बरीच जास्त वेळा फिरतात आणि बेअरिंग तापतात. वाटेत थांबल्यावर हबला (चाकाच्या मधल्या भागाला) हात लावून पाहावा. कोमट असेल तर ठीक; हात ठेववत नसेल, तर तसेच पुढे जाऊ नये. तापलेला हब थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते, पाणी आत खेचले जाते आणि ग्रीस दुधाळ होते. यावर ब्रिटनमधला उपाय फार सुरेख आहे: रस्त्याच्या ट्रेलरवर होडी तिच्या हलक्या ट्रॉलीसकट बसवतात. काठावर फक्त ट्रॉली सोडवून पाण्यात ढकलायची. ट्रेलरची चाके कोरडीच राहतात. दिव्यांची पट्टीही होडीच्या मागच्या टोकाला बांधलेली असते, ती आधी काढून ठेवतात. टायर मात्र झिजण्याआधी म्हातारे होतात, म्हणून नक्षीपेक्षा बाजूच्या भेगा पाहाव्यात.

डोलकाठी होडीपेक्षा लांब असते. ती आडवी नेताना मागे 1 मीटरपेक्षा जास्त बाहेर आली, तर ब्रिटनमध्ये टोक ठळक दिसेल अशी खूण लावावी लागते. पाण्याजवळ पोहोचल्यावर खरा धोका डोक्यावर असतो. आजच्या बहुतेक डोलकाठ्या अ‍ॅल्युमिनियमच्या आहेत आणि पार्किंगपासून रॅम्पपर्यंतच्या (पाण्यात उतरणाऱ्या उतारापर्यंतच्या) वाटेवर विजेच्या तारा असू शकतात. काठी उभी करण्याआधी ती संपूर्ण वाट एकदा पायी, वर पाहत चालून यावी.