औषधप्रतिरोधी क्षयरोग (मुंबई)

क्षयरोगाच्या जिवाणूवर नेहमीची औषधे चालेनाशी झाली की त्या आजाराला औषधप्रतिरोधी क्षयरोग म्हणतात. आयसोनियाझिड आणि रिफॅम्पिसिन ही पहिल्या फळीतली सर्वांत भरवशाची औषधे. ही दोन्ही निकामी ठरली तर तो एमडीआर क्षयरोग. त्यात लेव्होफ्लॉक्सासिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन ज्या गटात येतात त्या फ्लुरोक्विनोलोन औषधांनाही जिवाणू दाद देत नसेल तर प्री-एक्सडीआर, आणि त्यापुढे बेडाक्विलिन किंवा लिनेझोलिड यांपैकी एक जरी हातचे गेले तर एक्सडीआर. जागतिक आरोग्य संघटनेने ही वर्गवारी २०२१ मध्ये ठरवली.

जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे आणि एमडीआर रुग्णांतही भारताचा वाटा चौथ्या हिश्श्याहून अधिक भरतो. मुंबईत अलीकडच्या वर्षांत दरवर्षी ६० हजारांच्या आसपास क्षयरुग्णांची नोंद होते. त्यांत उपचारांसाठी बाहेरगावाहून आलेले लोकही असतात. गोवंडी, मानखुर्द, कुर्ला, धारावी या भागांत ‘साधा टीबी की रेझिस्टंट?’ हा प्रश्न शेजारीपाजारीही विचारतात. त्यामागे भीती असते आणि अनुभवही असतो.

प्रतिरोध कसा तयार होतो

क्षयाचा जिवाणू सावकाश वाढतो. त्याच्या वाढीत अधूनमधून जनुकीय चुका होतात आणि त्यांतल्या काही चुका त्याला एखाद्या औषधापासून वाचवतात. रिफॅम्पिसिनला दाद न देणारा जिवाणू साधारण दहा कोटींत एक सापडतो. हे प्रमाण नगण्य वाटते, पण फुप्फुसातल्या एका पोकळीत तेवढे किंवा त्याहून जास्त जिवाणू सहज असू शकतात. म्हणून क्षयरोगावर एकटे औषध कधीच देत नाहीत. चार औषधे एकत्र दिली की एकातून निसटलेला जिवाणू दुसऱ्यात सापडतो. एखादे औषध वगळले, मात्रा कमी पडली किंवा बरे वाटल्यावर गोळ्या बंद केल्या, की साधे जिवाणू मरतात आणि निसटलेल्यांना मोकळे रान मिळते.

हा झाला प्रतिरोधाचा पहिला मार्ग. मुंबईत आज दुसरा मार्ग अधिक महत्त्वाचा आहे. आधीच प्रतिरोधी झालेला जिवाणू खोकल्यातून थेट निरोगी माणसाला लागतो. अशा रुग्णाने आयुष्यात एकही गोळी चुकवलेली नसते, किंबहुना त्याने टीबीची गोळी कधी घेतलेलीच नसते. तरीही ‘कोर्स अर्धवट सोडला असणार’ असा ठपका त्याच्यावर ठेवला जातो. हा ठपका अन्यायाचा आहे आणि वैद्यकीयदृष्ट्याही चुकीचा आहे.

डॉक्टरांच्या चिठ्ठ्या

प्रतिरोधाचा दोष एकट्या रुग्णाच्या माथी मारता येत नाही, याचा पुरावा याच शहरातून मिळाला. १९९१ मध्ये मुकुंद उपलेकर आणि डोनाल्ड शेपर्ड यांनी मुंबईतील झोपडपट्टीत काम करणाऱ्या सुमारे शंभर खासगी डॉक्टरांना क्षयरोगावरचे उपचार लिहून द्यायला सांगितले. तेव्हा ८० वेगवेगळ्या उपचारपद्धती पुढे आल्या. जवळपास वीस वर्षांनी डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी धारावीत तीच पाहणी पुन्हा केली. या वेळी १०६ डॉक्टरांनी ६३ प्रकारच्या चिठ्ठ्या लिहिल्या आणि साध्या क्षयरोगासाठी योग्य औषधयोजना फक्त सहा जणांची निघाली. मधल्या काळात, १९९७ पासून, सरकारी क्षयरोग कार्यक्रम नव्या रूपात सुरू झालेला होता. पण खोकला घेऊन माणूस आधी जातो तो गल्लीतल्या डॉक्टरकडे. तिथे औषध हाताशी असते, तपासणी नसते.

पुढे मुंबई आणि पाटण्यात क्षयाची लक्षणे सांगणारे प्रशिक्षित ‘रुग्ण’ खासगी दवाखान्यांत पाठवून एक मोठा अभ्यास झाला. तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रुग्णाची वैद्यकीयदृष्ट्या योग्य हाताळणी सुमारे ३५ टक्के भेटींतच झाली. खोकल्यासाठी सरसकट फ्लुरोक्विनोलोन गटातली अँटिबायोटिक देण्याची सवय इथे फार महागात पडली आहे. या औषधाने क्षयरुग्णाला चार दिवस बरे वाटते, निदान लांबते आणि दुसऱ्या फळीतले मोलाचे औषध बोथट होते. मुंबई महानगर प्रदेशातील जिवाणूंच्या संपूर्ण जनुकक्रमाच्या अभ्यासात एमडीआर नमुन्यांमध्ये फ्लुरोक्विनोलोनचा प्रतिरोध मोठ्या प्रमाणावर आढळला, आणि त्यामागे क्षयजिवाणूच्या ‘लिनिएज २’ या वंशातील एक वरचढ शाखा असल्याचे दिसले. म्हणजे एकाच घराण्यातला जिवाणू माणसामाणसांतून पसरतो आहे.

२०१२ आणि त्यानंतर

२०११ च्या अखेरीस माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी चार रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांच्या जिवाणूवर तपासलेल्यांपैकी एकही औषध चालत नव्हते. त्यांनी त्याला ‘पूर्णतः औषधप्रतिरोधी’ म्हटले आणि जानेवारी २०१२ मध्ये ही बातमी जगभर गेली. सरकारने आणि जागतिक आरोग्य संघटनेने हे नाव स्वीकारले नाही. नावावरचा वाद बराच गाजला, पण रुग्ण खरे होते आणि त्यांच्यापाशी औषध नव्हते हेही खरे होते. त्याच वर्षी मे महिन्यात प्रत्येक क्षयरुग्णाची नोंद सरकारला कळवणे देशभर बंधनकारक झाले आणि जूनमध्ये क्षयाचे निदान करणाऱ्या, पण मुळात बेभरवशाच्या असलेल्या रक्तचाचण्यांवर बंदी आली. मुंबईत २०१४ पासून काही वर्षे खासगी डॉक्टरांच्या रुग्णांना मोफत तपासणी आणि औषधांची सोय करून देणारा प्रकल्पही चालला. सरकारी यंत्रणा आपणहून खासगी दवाखान्याच्या दारात गेली, म्हणून हा प्रयोग महत्त्वाचा ठरतो.

निदान

बेडका सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर जिवाणू दिसतो, पण तो कोणत्या औषधाला दाद देईल हे कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत जिवाणू वाढवायचा तर आठवडे जातात. तोवर रुग्ण चालत नसलेल्या गोळ्या घेत राहतो आणि घरच्यांना आजार देत राहतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० च्या डिसेंबरमध्ये जीनएक्स्पर्ट या जनुकीय चाचणीला मान्यता दिली आणि हे गणित बदलले. या चाचणीने क्षय आहे का आणि रिफॅम्पिसिन चालेल का, ही दोन्ही उत्तरे दोन तासांत मिळतात. गोव्यात तयार झालेले ट्रूनॅट हे बॅटरीवर चालणारे छोटे यंत्रही आता देशभर वापरात आहे. त्याला २०२० मध्ये मान्यता मिळाली. छातीचा एक्स-रे संगणकाकडून वाचून घेण्याची सोयही झाली आहे. असे तंत्र तयार करणाऱ्या आघाडीच्या कंपन्यांपैकी क्युअर डॉट एआय ही मुंबईचीच.

या चाचण्यांची एक मर्यादा आहे. बेडाक्विलिन, लिनेझोलिड यांसारख्या नव्या औषधांचा प्रतिरोध नेहमीच्या जीनएक्स्पर्टवर कळत नाही. त्यासाठी जिवाणू वाढवून तपासावा लागतो किंवा त्याचा जनुकक्रम वाचावा लागतो, आणि ही सोय मोजक्या प्रयोगशाळांत आहे.

नवी औषधे

जुने उपचार आठवले तर नव्यांचे मोल कळते. एमडीआर रुग्णाला दीड ते दोन वर्षे औषधे घ्यावी लागत, त्यांत निदान सहा महिने रोज कॅनामायसिनसारखी सुई असे. गोळ्यांची एकूण संख्या चौदा हजारांच्या घरात जाई. मळमळ, सांधेदुखी, नैराश्य हे ठरलेले. सुईमुळे अनेकांची श्रवणशक्ती कायमची गेली. इतके सोसूनही जगभरात जेमतेम निम्मे रुग्ण बरे होत.

बेडाक्विलिनला अमेरिकेत डिसेंबर २०१२ मध्ये मान्यता मिळाली. क्षयरोगासाठी औषधांचा नवा गट यायला सुमारे चाळीस वर्षे लागली होती. हे औषध जिवाणूच्या ऊर्जानिर्मितीवर घाला घालते. एटीपी हे पेशीचे इंधन तयार करणारे त्याचे विकर (एन्झाइम) बंद पडते आणि जिवाणू उपाशी मरतो. शांत पडून राहिलेले जिवाणूही त्यातून सुटत नाहीत. यानंतर २०१४ मध्ये युरोपात डेलामॅनिड आले आणि २०१९ मध्ये अमेरिकेत प्रेटोमॅनिड.

भारतात बेडाक्विलिन मार्च २०१६ मध्ये सहा केंद्रांवर मर्यादित स्वरूपात सुरू झाले. मुंबई त्यांत होती. औषध जपून वापरायचे, नाहीतर त्यालाही प्रतिरोध येईल, हा त्यामागचा विचार समजण्यासारखा आहे. पण त्याची किंमत मोजली ती ज्यांच्यापाशी दुसरे काहीच उरले नव्हते त्या रुग्णांनी. पाटण्याच्या एका तरुण मुलीच्या वडिलांना या औषधासाठी दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले. जानेवारी २०१७ मध्ये औषध मंजूर झाले आणि तिच्यावर पुढचे उपचार मुंबईत झाले, तरी पुढच्या वर्षी ती दगावली. मुंबईत ‘मेदसां सां फ्रॉन्तिएर’ (डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स) या संस्थेच्या दवाखान्याने अतिप्रतिरोधी रुग्णांना बेडाक्विलिन आणि डेलामॅनिड एकत्र देऊन बरे करता येते, हा अनुभव जमा केला. जगभरात ही जोडी वापरायला डॉक्टर अजून कचरत होते, तेव्हाची ही गोष्ट.

खरी कलाटणी मिळाली औषधे एकत्र गुंफण्याच्या प्रयोगांमुळे. दक्षिण आफ्रिकेतील निक्स-टीबी चाचणीत अतिशय कठीण अवस्थेतल्या १०९ रुग्णांना बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड आणि लिनेझोलिड सहा महिने दिले गेले. त्यांतले ९० टक्के बरे झाले. मात्र लिनेझोलिडची मात्रा मोठी असल्याने हातापायांच्या नसांना इजा होणे, रक्तपेशी घटणे हे त्रास अनेकांना झाले. पुढच्या झीनिक्स चाचणीने मात्रा निम्मी, म्हणजे दिवसाला ६०० मिलिग्रॅम करूनही गुण येतो हे दाखवले. टीबी-प्रॅक्टिकल या चाचणीत मॉक्सिफ्लॉक्सासिनची भर घालून चार औषधांचा २४ आठवड्यांचा उपचार दिला. त्यात ८९ टक्के रुग्णांना गुण आला, जुन्या उपचारात हाच आकडा ५२ होता. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या बीट-टीबी अभ्यासात बेडाक्विलिन, डेलामॅनिड, लिनेझोलिड आणि क्लोफाझिमिन या जोडणीनेही दहांपैकी नऊ रुग्ण बरे झाले. त्यातले रुग्ण फ्लुरोक्विनोलोनलाही दाद न देणारे होते, म्हणून मुंबईसारख्या शहरासाठी हा निष्कर्ष विशेष उपयोगाचा आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ च्या डिसेंबरमध्ये बीपाल-एम या नावाने बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन या चार औषधांच्या योजनेची शिफारस केली. भारत सरकारने तिला सप्टेंबर २०२४ मध्ये मान्यता दिली. सुई नाही आणि सहा महिन्यांत उपचार पूर्ण. हातावर पोट असलेल्या माणसाला नोकरी टिकवून ते घेता येतात, ही गोष्ट आकडेवारीत येत नाही पण फार मोठी आहे. १४ वर्षांखालील मुलांना आणि गर्भवतींना मात्र ही योजना देत नाहीत. बेडाक्विलिनमुळे हृदयाच्या लयीत बदल होऊ शकतो म्हणून ईसीजी, लिनेझोलिडमुळे रक्ततपासणी आणि दृष्टीची तपासणी, हे सगळे ठरावीक दिवसांनी करावेच लागते.

पेटंटचा वाद

बेडाक्विलिनच्या मूळ पेटंटची मुदत जुलै २०२३ मध्ये संपत होती. औषधाच्या एका क्षाररूपावर दुसरे पेटंट घेऊन ती २०२७ पर्यंत लांबवण्याचा जॉन्सन अँड जॉन्सनचा प्रयत्न होता. त्याला आव्हान दिले मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले या दोघींनी. दोघीही क्षयातून वाचलेल्या आणि उपचारांतील सुईमुळे ऐकू येणे गमावलेल्या. भारतीय पेटंट कार्यालयाने मार्च २०२३ मध्ये कंपनीचा अर्ज फेटाळला. त्यामुळे भारतीय कंपन्यांना हे औषध स्वस्तात तयार करण्याची वाट मोकळी झाली, त्याचा लाभ इतर गरीब देशांनाही झाला. रुग्णांनी स्वतः लढून औषधाची किंमत बदलल्याची अशी उदाहरणे थोडी आहेत.

घर, आहार आणि लस

जिवाणू हवेतून पसरतो, त्यामुळे हवा आणि उजेड हाही उपचाराचा भाग आहे. गोवंडी-मानखुर्दच्या लल्लुभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींचा २०१८ मध्ये अभ्यास झाला. तिथे इमारती एकमेकींपासून जेमतेम तीन मीटरवर आहेत. खालच्या मजल्यांवर ऊन पोचत नाही, वारा फिरत नाही आणि क्षयाचे रुग्ण तिथेच जास्त सापडले. झोपडी जाऊन पक्के घर मिळाले म्हणजे आरोग्य सुधारेल, हे गृहीतक तिथे टिकले नाही. पुनर्वसनाच्या नियमांत दोन इमारतींमधले अंतर ठरवणे हा निर्णय क्षयरोग तज्ज्ञांच्या कक्षेत येत नाही, पण त्याचे परिणाम त्यांच्याच दारात येतात.

आहाराबद्दलचा सबळ पुरावा झारखंडमधून आला. रेशन्स या अभ्यासात रुग्णांच्या कुटुंबीयांना धान्य, डाळ असा शिधा दिला, तेव्हा त्यांच्यात नव्याने क्षय होण्याचे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास घटले. निक्षय पोषण योजनेत रुग्णाला मिळणारे दरमहा ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. मुंबईतल्या भावात तेवढ्यात महिन्याची डाळ, अंडी आणि दूध भागवणे अवघड आहे.

बीसीजी ही आजही एकमेव मान्यताप्राप्त लस आहे. बाळांना ती गंभीर क्षयापासून वाचवते, मोठ्यांच्या फुप्फुसाच्या क्षयावर तिचा भरवसा धरता येत नाही. एम७२ या नव्या लशीची अखेरच्या टप्प्यातली चाचणी २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत सुरू झाली.

बेडाक्विलिनला प्रतिरोध येऊ लागल्याच्या नोंदी आता अनेक देशांतून येत आहेत. आरव्ही०६७८ या जनुकातील बदलामुळे तो येतो, आणि त्याच बदलाने क्लोफाझिमिनही कमजोर पडते. औषध शरीरात काही महिने रेंगाळते, त्यामुळे उपचार मध्येच सोडलेल्या रुग्णात इतर औषधे ओसरल्यावर ते एकटेच उरते. म्हणूनच शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयापासून प्रभागातल्या हेल्थ पोस्टपर्यंत, गोळ्या संपण्याआधी पुढच्या गोळ्या रुग्णाच्या हातात पडणे हे या उपचारातले सर्वांत निकडीचे काम आहे.